सुपरफ्लुइड हेलियममध्ये हायड्रोजनचे कण: गुठळ्या होतात, आणि पीआयव्हीचा वेग सूत्राच्या निम्माच येतो

गारठा_१८

आधी सेटअप सांगतो.

खिडक्या असलेला बाथ क्रायोस्टॅट (अतिथंड द्रव साठवायचं भांडं), आत सुमारे ४ लिटर द्रव हेलियम. पंप करून १.८ केल्व्हिनवर धरलेला, म्हणजे बाष्पदाब साधारण १२.३ टॉर. बाथमध्ये २० × २० मिमी आतल्या मापाची, १५० मिमी उंचीची काचेची चौकोनी नळी उभी आहे. तळाशी हीटर, वरचं तोंड बाथमध्ये उघडं. म्हणजे नेहमीचा थर्मल काउंटरफ्लो (उष्णतेमुळे हेलियमचे दोन घटक उलट दिशांना वाहणं): व्हिस्कॉसिटी (चिकटपणा) असलेला नॉर्मल घटक हीटरपासून वर जाणार, ती नसलेला सुपरफ्लुइड घटक खाली येणार. ट्रेसर, म्हणजे प्रवाह दाखवणारे कण, म्हणून गोठलेला हायड्रोजन वापरतो. हायड्रोजन-हेलियमचं १:२० मिश्रण, अर्धा लिटर, लॅम्बडा बिंदूच्या (२.१७ केल्व्हिन, त्याखाली हेलियम सुपरफ्लुइड होतं) वर असताना एकदम सोडतो. ५३२ नॅनोमीटरचा ३०० मिलिवॅट सलग लेझर, ०.५ मिमी जाडीची प्रकाशाची शीट, कॅमेरा सेकंदाला १०० फ्रेम, एका पिक्सेलमध्ये १० मायक्रॉन, दृश्य १० × १० मिमी.

तीन अडचणी आहेत.

कणांच्या गुठळ्या होतात. ५-६ पिक्सेलचे ठळक ठिपके दिसतात आणि हीटर बंद असतानाही ते सेकंदाला मिमीभर वर सरकतात.

दुसरी जास्त छळते आहे. हीटरने चौ. सेमीला २०० मिलिवॅट दिले की सूत्रानुसार नॉर्मल घटकाचा वेग १४ मिमी/सेकंद यायला हवा, पीआयव्ही (कणांच्या लागोपाठ फोटोंवरून वेग काढायची पद्धत) ७ दाखवतं. ४० मिलिवॅटला २.९ अपेक्षित, तर मिळतो जेमतेम १, आणि वेक्टर नुसते विस्कटलेले. कॅलिब्रेशन दोनदा तपासलं, स्केल बरोबर आहे.

आणि २.१७ केल्व्हिनच्या खाली गेलं की बाथभोवतीच्या जॅकेटचं व्हॅक्यूम हळूहळू बिघडतं. वर असताना अगदी ठीक असतं.

---

कणमोजणी

दुसऱ्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तुमचं उपकरण तिथे बहुधा बरोबरच मोजतं आहे. फक्त ते जे मोजतं तो नॉर्मल घटकाचा वेग नाही.

फ्लोरिडात झांग आणि व्हॅन सिव्हर यांनी २००५ च्या सुमारास काउंटरफ्लोमध्ये पीआयव्ही केलं तेव्हाही कणांचा वेग सूत्राच्या साधारण निम्मा आला होता. कारण असं की हेलियम-टूमध्ये (सुपरफ्लुइड हेलियममध्ये) कणाला दोन मालक असतात. नॉर्मल घटकाची व्हिस्कॉसिटी त्याला वर ओढते. त्याच वेळी सुपरफ्लुइडमधले क्वांटम भोवरे त्याला पकडतात: भोवऱ्याच्या गाभ्याजवळ वेग वाढतो, दाब घटतो आणि कण आत ओढला जातो. भोवऱ्यावर अडकलेला कण मग भोवऱ्यांच्या गुंत्याबरोबर जातो, म्हणजे तुमच्या मांडणीत संथ किंवा चक्क खाली.

तुमचे आकडे घालून पाहा. १.८ केल्व्हिनला घनता १४५ किलो/घनमीटर, एन्ट्रॉपी साधारण ५३५ ज्यूल/किलो-केल्व्हिन. हीट फ्लक्स भागिले (घनता × एन्ट्रॉपी × तापमान) केलं की ४० मिलिवॅटला वर जाणारा नॉर्मल वेग २.९ मिमी/सेकंद. या तापमानाला नॉर्मल घटकाचा वाटा सुमारे ३२ टक्के, म्हणून सुपरफ्लुइडचा खाली येणारा वेग १.३-१.४. पीआयव्हीच्या एका चौकटीत काही कण वर जाणारे, काही खाली येणारे. क्रॉस-कोरिलेशन (दोन फोटोंमधल्या चौकटींची जुळणी) त्यांचं मिळून एक शिखर शोधतं. तुमचा "१" हा असा दोन वेगळ्या गर्दींचा मिश्र आकडा आहे, आणि वेक्टर विस्कटलेले दिसण्याचं कारणही तेच.

पीआयव्ही सोडा, पीटीव्ही (एकेका कणाचा माग काढणं) करा. प्रत्येक कणाचा माग स्वतंत्र काढा आणि उभ्या वेगाचा हिस्टोग्राम मांडा. ४० ला दोन शिखरं दिसली पाहिजेत: एक २.९ च्या आसपास, दुसरं शून्याच्या जवळ किंवा खालच्या बाजूला. पहिलं शिखर सूत्राशी जुळलं तर हीटर, क्षेत्रफळ, तापमान सगळं बरोबर आहे असं खुशाल समजा. २०० ला दोन शिखरं मिळून एकच रुंद शिखर होतं, आणि ते निम्म्याजवळच बसतं. तिथे गुंता इतका दाट असतो की कण पकडला जातो, सुटतो, पुन्हा पकडला जातो. मास्ट्राची आणि गुओ यांनी २०१८ मध्ये हे गट वेगळे करून दाखवले आहेत. २०० च्या हिस्टोग्राममधून नॉर्मल वेग "काढायचा" प्रयत्न करू नका. तो तिथे नाही.

पीटीव्हीसाठी कॅमेरा मात्र वाढवावा लागेल. १४ मिमी/सेकंद आणि १०० फ्रेम म्हणजे कण एका फ्रेममध्ये १४ पिक्सेल सरकतो. दृश्यात ५०० कण असतील तर शेजारचा कण सरासरी २०-२२ पिक्सेलवर असतो, आणि जोड्या चुकायला लागतात. ४०० फ्रेम ठेवा, सरक साडेतीन पिक्सेलवर येईल. ४० मिलिवॅटसाठी १०० फ्रेम पुरे आहेत.

हीटर बंद असतानाची हालचालही उपयोगी आहे, ती फेकू नका. घन हायड्रोजनची घनता सुमारे ८८, हेलियमची १४५. कण वर तरंगणारच. १.८ केल्व्हिनला नॉर्मल घटकाची व्हिस्कॉसिटी साधारण १.३ मायक्रोपास्कल-सेकंद धरली तर स्टोक्सच्या सूत्राने २ मायक्रॉनचा कण ०.१ मिमी/सेकंदाने चढतो, ४.६ मायक्रॉनचा ०.५ ने, साडेसहा मायक्रॉनचा १ ने. तुमचे मिमीभर चढणारे ठिपके निदान साडेसहा मायक्रॉनचे आहेत, आणि गुठळी सच्छिद्र असेल तर त्याहून मोठे. पडद्यावरच्या ठिपक्याच्या आकारावरून कणाचा आकार ठरवू नका, त्यात विवर्तन आणि फोकसची चूक मिसळलेली असते. चढण्याचा वेग हीच खरी मोजपट्टी.

---

शून्याजवळ

गुठळ्यांचं कारण तुमच्या प्रश्नातच आहे: १:२० आणि "एकदम".

हिशोब करून बघा. तुमच्या शीटमध्ये ५०० कण हवेत. १० × १० × ०.५ मिमी म्हणजे ०.०५ घ. सेमी, म्हणजे घ. सेमीला १०,००० कण. २ मायक्रॉनच्या एका कणाचं वस्तुमान सुमारे ३.७ × १०⁻¹⁶ किलो. एका लिटरला १ कोटी कण म्हणजे जेमतेम ४ मायक्रोग्रॅम हायड्रोजन. खोलीच्या तापमानाला तो ०.०४५ घ. सेमी वायू होतो. तुमच्या ४ लिटरला ०.१८ घ. सेमी. तुम्ही अर्ध्या लिटर मिश्रणातून २५ घ. सेमी सोडता, म्हणजे गरजेच्या शंभरपट आणि वर. बराचसा इंजेक्शनच्या नळीत आणि भिंतींवर चिकटतो हे खरं, पण उरलेलाही एकमेकांवर आदळून गुठळ्या करायला भरपूर आहे.

शिवाय उष्णता. ५०० घ. सेमी हेलियम ३०० केल्व्हिनवरून खाली येताना सव्वाशे ज्यूलच्या वर देतो. ४ लिटर बाथ तेवढ्याने सुमारे ५० मिलिकेल्व्हिन तापतो, आणि नळीच्या तोंडाशी तर जोरात उकळतो. ते बुडबुडे कण गोळा करून वर नेतात.

मी सुचवीन ते असं. मिश्रण १:१०० करा. मिश्रणाच्या टाकीत आधी हायड्रोजन भरा, मग हेलियम, आणि निदान रात्रभर मिसळू द्या. लगेच वापरलं तर पहिला झोत नुसत्या हायड्रोजनचा येऊ शकतो. बाथ २.२ ते २.३ केल्व्हिनला आणा, पंपाचा व्हॉल्व्ह थोडा मिटवा म्हणजे उकळणं थांबेल. मग सोलेनॉइड व्हॉल्व्हने छोटे छोटे झटके द्या, प्रत्येकी ५ घ. सेमीच्या आत, मध्ये अर्धा-एक मिनिट थांबून. दर झटक्यानंतर शीटमध्ये कण मोजा. पुरे झाले की थांबा आणि नळीतून शुद्ध हेलियमची अगदी बारीक धार चालू ठेवून हायड्रोजन धुऊन काढा. त्यानंतर पंप उघडून लॅम्बडा ओलांडा. ओलांडल्याची खूण डोळ्यांना दिसते: बुडबुडे एका क्षणात थांबतात.

इंजेक्शनची नळी हा खरा दुखरा भाग. हायड्रोजन १३.८ केल्व्हिनला गोठतो. नळीचं टोक द्रवाला टेकून त्याखाली थंड झालं तर हायड्रोजन नळीतच बर्फ होतो, मग दाब साठतो आणि एकदम मोठा तुकडा सुटतो. तुमचे सगळ्यात मोठे ठिपके बहुधा हेच. नळी व्हॅक्यूम जॅकेटची घ्या, आत शेवटच्या ५ सेमीवर मँगॅनिनची तार गुंडाळा आणि झटक्याच्या वेळी टोक २० केल्व्हिनच्या वर राहील इतका प्रवाह द्या. झटका संपला की तार बंद. ती चालू राहिली तर तोच तुमचा दुसरा हीटर होईल.

हवेचा बर्फ विसरू नका. टाकी भरताना नळ्या नीट रिकाम्या केल्या नाहीत तर नायट्रोजन, ऑक्सिजन आत जातात, आणि हायड्रोजनच्या कितीतरी आधी गोठून कणांची बीजं बनतात. प्रत्येक जोड तीनदा पंप करा आणि हेलियमने धुवा.

कण तरंगणं नको असेल तर थोडं ड्युटेरियम मिसळायचा मोह होतो. घन ड्युटेरियमची घनता सुमारे २००, तो बुडतो. पण मिश्रणातला प्रत्येक कण सारख्या प्रमाणाचा बनेल याची खात्री नसते. २ मायक्रॉनचे कण मिळाले तर ०.१ मिमी/सेकंदची चढण वजा करणं सोपं आहे. आधी आकार सुधारा, घनतेचं नंतर बघा.

---

काचखिडकी

व्हॅक्यूम फक्त २.१७ च्या खाली बिघडतं, हे सुपरलीकचं, म्हणजे फक्त सुपरफ्लुइड निसटेल अशा गळतीचं, ठरलेलं लक्षण. सुपरफ्लुइड घटकाला व्हिस्कॉसिटी नाही, त्यामुळे मायक्रॉनहून बारीक फटीतूनही तो सहज जातो. हीच फट खोलीच्या तापमानाला किंवा नायट्रोजनच्या ७७ केल्व्हिनला लीक डिटेक्टरवर दिसत नाही. खात्री करायची तर जॅकेटला हेलियम लीक डिटेक्टर लावून ठेवा आणि बाथ सावकाश लॅम्बडा ओलांडू द्या. नेमका त्या क्षणी आकडा उडाला तर दुसरं कारण शोधू नका.

दहापैकी नऊ वेळा गुन्हेगार म्हणजे थंड खिडकीचं इंडियम (मऊ धातूच्या तारेचं) सील. जुनं इंडियम पुन्हा वापरू नका. १ मिमीची नवी तार घ्या, टोकं एकमेकांवरून ओलांडून ठेवा, वळवून जोडू नका. दोन्ही पृष्ठभाग ॲसिटोन, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा. इंडियम काही तास पसरत राहतं, म्हणून संध्याकाळी आवळलेलं सकाळी पुन्हा आवळा. फ्यूज्ड सिलिका थंडीत जवळजवळ आक्रसत नाही, स्टेनलेस सुमारे ०.३ टक्के आक्रसतं. ५० मिमीच्या फ्लँजवर हा फरक ०.१५ मिमी होतो आणि सील तिरपं ओढलं जातं. बोल्टाखाली बेलविल (स्प्रिंगसारखे दबणारे) वॉशर द्या, ताण टिकून राहतो.

खिडक्यांबद्दल आणखी एक, आणि हे तुमच्या दुसऱ्या अडचणीशी जोडलेलं आहे. खोलीच्या भिंती चौ. सेमीला सुमारे ४६ मिलिवॅट उष्णतेचं प्रारण करतात. २५ मिमीच्या खिडकीतून ते सगळं आत आलं असं धरलं तर २२५ मिलिवॅट. तुमचा ४० मिलिवॅट प्रति चौ. सेमीचा हीटर एकूण देतो १६०. प्रत्यक्षात खिडकी खोलीचा तेवढा मोठा भाग पाहत नाही, तरी ४० वरचं मोजमाप यामुळे बिघडू शकतं. बाथभोवतीच्या ७७ केल्व्हिनच्या थंड कवचावर वेगळी काच असलीच पाहिजे, आणि ती कवचाला पक्की उष्णता-जोडलेली हवी, नुसती टेकवलेली नको. ३.५ मायक्रॉनपलीकडचा इन्फ्रारेड साधी फ्यूज्ड सिलिकाही शोषते. तो ७७ वर अडला की निभावलं.

लेझरची शीट जिथे संपते तिथे काय आहे? ती नळीच्या भिंतीवर किंवा धातूवर आदळत असेल तर तिथे ३०० मिलिवॅटचा आडवा हीटर तयार होतो, आणि कण त्या भिंतीपासून दूर ढकलले जाताना दिसतात. समोर बाहेर पडायची खिडकी द्या आणि प्रकाश क्रायोस्टॅटच्या बाहेर शोषा. लेझर फक्त कॅमेऱ्याच्या एक्स्पोजरपुरता चालू ठेवला तर सरासरी उष्णता आणखी कमी होते. हेलियमचा अपवर्तनांक १.०३ च्या आसपास, घन हायड्रोजनचाही फार मोठा नाही, म्हणून कणांकडून प्रकाश थोडाच येतो हे मान्य. पण लेझर वाढवण्याआधी लेन्सचं ॲपर्चर उघडून पाहा.

---

गारठा_१८

तिघांचेही आभार. शीट खरंच मागच्या भिंतीवर संपते, ते बदलतो.

एक पुढचा प्रश्न. काउंटरफ्लोचे हिस्टोग्राम जमले की भोवऱ्यांच्या रेषाच दिसाव्यात असं वाटतं. त्यासाठी हेच कण चालतील का? आणि फक्त नॉर्मल घटक बघायचा असेल तर पोकळ काचेचे गोळे किंवा पॉलिमरचे कण बरे का?

---

भोवरा_रेषा

हेच कण चालतील, पण हीटर बंद ठेवून आणि लॅम्बडाच्या जरा खाली. मेरीलँड विद्यापीठात बेव्ली, लॅथ्रोप आणि श्रीनिवासन यांनी २००६ मध्ये हायड्रोजनच्याच कणांनी भोवऱ्यांचे गाभे दाखवले. सावकाश थंड करत लॅम्बडा ओलांडला की कण रेषांवर माळेसारखे ओवले जातात. कण जास्त असतील तर माळ जाड होते आणि भोवऱ्याची चाल बिघडवते, म्हणून इथे सुचवलेल्या संख्येच्याही निम्मे कण ठेवा.

दिसलेल्या रेषा खऱ्याच भोवऱ्यांच्या आहेत हे तपासायचा उत्तम मार्ग म्हणजे फिरणारा क्रायोस्टॅट, तो असेल तर. एका भोवऱ्याचं अभिसरण ठरलेलं आहे: प्लँकचा स्थिरांक भागिले हेलियम अणूचं वस्तुमान, म्हणजे ९.९७ × १०⁻⁸ चौ. मी./सेकंद. सेकंदाला १ रेडियनने फिरवलं की चौ. सेमीला सुमारे २,००० रेषा अक्षाला समांतर उभ्या राहतात, एकमेकींपासून ०.२२ मिमीवर. मोजणी जुळली की शंका उरत नाही.

फिरवता येत नसेल तर पुनर्जोडणी शोधा. दोन रेषा एकमेकींना भेटतात, तुटतात आणि टोकं बदलून दूर झेपावतात. त्यांच्यातलं अंतर साधारण (अभिसरण × वेळ) च्या वर्गमुळाप्रमाणे वाढतं. ०.१ सेकंदात ०.१ मिमी, पण पहिल्या १० मिलिसेकंदांतच ३० मायक्रॉन. १०० फ्रेमच्या कॅमेऱ्यात तो सगळ्यात मोलाचा भाग एका फ्रेममध्ये संपून जातो. इथेही ४०० फ्रेम लावा.

तुमच्या २०० मिलिवॅटच्या माहितीतही क्वांटम टर्ब्युलन्स दडलेला आहे, निम्म्या सरासरीमुळे निराश होऊ नका. तिथे भोवऱ्यांमधलं अंतर सुमारे ५० मायक्रॉन येतं. ४०० फ्रेमला ७ मिमी/सेकंदचा कण एका फ्रेममध्ये १७ मायक्रॉन जातो, म्हणजे त्या अंतराहून कमी. वेगाच्या वितरणाला तेव्हा लांब शेपट्या दिसायला हव्यात, वेगाच्या उणे तिसऱ्या घाताने उतरणाऱ्या. आता त्याच फिल्ममधल्या दर दहाव्या फ्रेमवरून वेग काढा: सरक १७५ मायक्रॉन होते आणि शेपट्या जाऊन साधं गाउसी वितरण उरतं. प्रागच्या ला मांतिया आणि स्क्रबेक यांनी २०१४ मध्ये हेच दाखवलं. एकाच चित्रफितीत बारीक मापावर क्वांटम आणि मोठ्या मापावर नेहमीचा खळाळ दिसतो, यापेक्षा सुंदर गोष्ट या विषयात मला माहीत नाही.

पोकळ काचेचे गोळे नकोत. आकार दहा किंवा अधिक मायक्रॉन आणि प्रत्येकाची घनता निराळी. पॉलिमरचे कण सारख्या आकाराचे मिळतात, पण कोरडे असताना एकमेकांना असे चिकटतात की हेलियमपर्यंत गुठळीच पोचते. शिवाय दोन्ही घन कण आहेत, भोवरे त्यांनाही पकडतील. फक्त नॉर्मल घटक हवा तर हेलियमचेच एक्सायमर रेणू (दोन अणूंची उत्तेजित जोडी): फेम्टोसेकंद लेझरने एक बारीक रेघ आयनित करायची, तयार झालेले ट्रिप्लेट रेणू सुमारे १३ सेकंद टिकतात, ९०५ नॅनोमीटरने उत्तेजित केले की ६४० वर चमकतात. १ केल्व्हिनच्या वर ते नॉर्मल घटकाबरोबर जातात. रेघ कशी वाकते यावरून वेगाचा आराखडा मिळतो. पण त्यासाठी लेझर, खिडक्या आणि इंटेन्सिफायर (अंधुक प्रकाश वाढवणारा भाग) असलेला कॅमेरा, सगळंच वेगळं लागतं. तुमच्या ४० मिलिवॅटच्या हिस्टोग्राममधलं वरचं शिखर तेच काम बऱ्यापैकी करतं.

---

शून्याजवळ

एक गोष्ट राहिली. तुमचा बाष्प झालेला हेलियम रिकव्हरी लाइनला (पुन्हा द्रव करायला गोळा करणाऱ्या नळीला) जात असेल तर सोडलेल्या हायड्रोजनचं काय होतं हे लिक्विफायर चालवणाऱ्यांना आधी विचारा. द्रव नायट्रोजनने थंड केलेला चारकोल हवा पकडतो, हायड्रोजन नीट पकडत नाही. तो पुढे जाऊन थंड भागात गोठतो, आणि नंतर कुणाच्या तरी क्रायोस्टॅटची बारीक नळी विनाकारण तुंबते. प्रयोग संपल्यावर बाथ तापवताना ४ ते २५ केल्व्हिनच्या टप्प्यातला वायू रिकव्हरीला न देता बाहेर सोडा. भिंतींवर चिकटलेला बहुतेक हायड्रोजन तेव्हाच सुटतो. पंपाचा एक्झॉस्ट खोलीत नको, छताबाहेर न्या. आणि नळीच्या टोकावरची तार त्याच वेळी ३० केल्व्हिनपर्यंत तापवून नळी साफ करून घ्या, म्हणजे पुढच्या वेळचा पहिला झटका जुन्या बर्फाचा येणार नाही.